शकुनाच्या नोटेसह आलेली गाडी

ज्या वर्षी फेस्टस मॅनियनच्या धाकट्या मुलीचं, ब्रीजचं, सातासमुद्रापार पर्थला लग्न झालं आणि आईबापांनी ते मेयो परगण्यातल्या आपल्या स्वयंपाकघरात बसून टॅबलेटवर पाहिलं, त्या वर्षीच्या जानेवारीत फेस्टसने आयुष्यातली पहिली कोरी गाडी घेतली. लग्नाला जाणं शक्यच नव्हतं. त्याची बायको अट्रॅक्टा, तिची दोन्ही मूत्रपिंडं गेली होती. मंगळवार, गुरुवार, शनिवार तिला कॅसलबारच्या हॉस्पिटलात डायलिसिसच्या मशीनला लावायचे. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं की एक खेप चुकली तर कदाचित निभावेल, लागोपाठ दोन चुकल्या तर हृदय कधी थांबेल सांगता यायचं नाही.

हॉस्पिटलची मिनीबस होती. पण ती चार गावं फिरत जायची, आणि येताना अट्रॅक्टाला वळणावळणावर उलट्या व्हायच्या. म्हणून गाडी. जुनी गाडी बदल्यात दिली, गोऱ्हे विकले, आणि नंबर प्लेटवर गाडीचं साल असतं, ते नवं यावं म्हणून आमच्याकडे सगळेच थांबतात तसा फेस्टसही जानेवारीपर्यंत थांबला.

बॅलिनाकाराच्या मॅलकीकडून गाडी घेतली. मॅलकीचा बाप बाजारात गुरांची दलाली करायचा. मुलाने बापाची काठी टाकून दिली आणि काचेचं शोरूम बांधलं. पण बापाची एक गोष्ट त्याने टाकली नव्हती. सह्या झाल्यावर तरुण गिऱ्हाइकांना तो पेन आणि किल्ल्यांचं कडं भेट द्यायचा. फेस्टससारखा म्हातारा शेतकरी असला की आतल्या खोलीत न्यायचा, तळहातावर थुंकल्यासारखं करायचा, हातावर हात मारायचा आणि खिशातून पन्नास युरोची नोट काढून परत द्यायचा. शकुनाचे पैसे.

"हे घे फेस्टस. आता झालं तुझंमाझं."

फेस्टसचा ऊर भरून आला. त्याने नोट वरच्या खिशात ठेवली. गुरांच्या बाजारातली रीत त्याच्या हाडात होती. विकणाऱ्याने शकुनाचे पैसे दिले आणि घेणाऱ्याने ते खिशात घातले की सौदा मिटला. मग जनावर लंगडलं तरी परत जाऊन बोलायचं नाही. फेस्टसच्या बापाने एकदा आटलेली गाय आणली होती. मरेपर्यंत त्या गायीविषयी तो अवाक्षर बोलला नाही. घरात सगळ्यांना ही थोर गोष्ट वाटायची.

"तू गाडी घेतलीस की बैल?" अट्रॅक्टाने विचारलं.

"माणूस जुन्या वळणाचा आहे."

"जुन्या वळणाचा नाही. बनेल आहे."

फेब्रुवारीत, एका मंगळवारी, गाडीने पहिला दगा दिला. घरापासून कॅसलबारकडे जाताना मधे मैलोन् मैल दलदल आहे. रस्ता तिच्यावर तरंगल्यासारखा, दोन्ही कडेला चर, बाजूला घ्यायला जागा नाही. तळ्याजवळच्या वळणावर इंजिन एकाएकी थांबलं. दिवे गेले. स्टिअरिंग दगडासारखं झालं. फेस्टसने सगळा जोर लावून गाडी एका शेताच्या फाटकापर्यंत ढकलत नेली. थोड्या वेळाने त्याने पुन्हा चालू करून पाहिली, तर पहिल्या झटक्यात सुरू झाली, जणू काही घडलंच नव्हतं.

"लाजली असेल," अट्रॅक्टा म्हणाली. पण तिने सीटची कड पकडलेली होती आणि ती हॉस्पिटल येईपर्यंत सोडली नाही.

फेस्टस शोरूमला गेला. तक्रार करायला नाही. चौकशी करायला, असं त्याने स्वतःला सांगितलं. काउंटरवरच्या मुलीने गाडी आत घेतली, दुसऱ्या दिवशी परत दिली.

"कॉम्प्युटरवर काहीच दिसत नाही, मिस्टर मॅनियन. पुन्हा झालं तर त्या वेळी घेऊन या."

"कुठल्या वेळी?"

"बंद पडेल तेव्हा."

"अगं पोरी, बंद पडल्यावर मी ती आणू कशी? पाठीवर घेऊन?"

मुलगी गोड हसली. तिला तेवढंच शिकवलं होतं.

मार्चमध्ये पुन्हा झालं. मग ईस्टरच्या आठवड्यात दोनदा. दर वेळी दलदलीच्या रस्त्यावर, दर वेळी थोड्या वेळाने आपोआप ठीक. दर वेळी शोरूममधून तेच उत्तर. एकदा तर गाडी धुऊन, आतून सुगंधी फवारा मारून परत दिली. फेस्टसला रात्रीची झोप लागेना. गाडी चालवताना त्याचे कान इंजिनाकडे आणि डोळे आरशाकडे असत. त्या रस्त्याने लाकडाचे ट्रक जातात, ओंडके भरलेले, आणि ते कोणासाठी हळू होत नाहीत.

शेवटी तो मॅलकीच्या खोलीत गेला. टोपी हातात घेऊन.

"मॅलकी, गाडीत काहीतरी खोट आहे."

मॅलकी खुर्चीत मागे रेलला. "फेस्टस, फेस्टस. वर्कशॉपमधल्या पोरांनी तीनदा बघितली. आणि हे बघ," त्याने आवाज उतरवला, जणू फेस्टसचीच अब्रू झाकतोय, "आपण हातावर हात मारलाय. तू शकुनाचे पैसे घेतलेत. तुझा बाप असता तर असा परत आला असता का?"

फेस्टसचे कान तापले. टोपी डोक्यावर घालून तो बाहेर आला. घरी येऊन त्याने अट्रॅक्टाला सगळं सांगितलं. ती चुलीपाशी बटाटे उकळत होती. बटाट्यातलं पोटॅशियम तिला बाधायचं, म्हणून एकदा उकळून ते पाणी ओतायचं, पुन्हा नव्या पाण्यात उकळायचे. आणि मग त्यांना खडूची चव यायची.

"म्हणजे तुझ्या बापाच्या गायीपायी मी दलदलीत मरायचं," ती म्हणाली.

"तसं नाही गं."

"मग कसं ते सांग."

तिने पाणी ओतलं. "उद्या मला बॅलिनाकाराला घेऊन चल."

"उद्या बुधवार आहे. तुझा विश्रांतीचा दिवस."

"म्हणूनच म्हणते."

बुधवारी शोरूममध्ये गर्दी होती. चर्चमधल्या ओळखीचं एक जोडपं लाल गाडीभोवती फिरत होतं. अट्रॅक्टा सुजलेल्या पायांनी हळूहळू मधोमध चालत आली आणि विक्रीला ठेवलेल्या एका गाडीचं दार उघडून तिच्यात बसली. काउंटरची मुलगी धावली, मागून मॅलकी आला.

"अट्रॅक्टा! कशी आहेस? चहा आणवू?"

"चहा मला मोजून मिळतो, मॅलकी. तुझ्यावर नाही घालवणार."

लाल गाडीपाशी कोणीतरी हसलं. मॅलकीही हसला. "बोल ना. काय झालं?"

"फेस्टसने तुझी नोट घेतली. मी नाही घेतली. माझा हात त्या सौद्यात नव्हता, तेव्हा मला बोलायला मोकळीक आहे. गाडी बंद पडते. तू म्हणतोस पडत नाही."

"मी म्हणत नाही, कॉम्प्युटर—"

"कॉम्प्युटर दलदलीत येत नाही. तू ये. उद्या गुरुवार. उद्या मला मशीनला तू सोडायचं. तूच चालवायची. गाडी चांगली आहे ना? मग भिण्यासारखं काय आहे?"

लाल गाडीवाल्या बाईने पर्स छातीशी धरली होती. फेस्टस जमिनीकडे बघत उभा होता. लाज वाटत होती, आणि आपली बायको इतकी बारीक झालीय हे आज लख्ख उजेडात पहिल्यांदा दिसत होतं.

"मी कशाला भिऊ?" मॅलकी म्हणाला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "किती वाजता?"

गुरुवारी तो वेळेवर आला, इस्त्रीचा कोट घालून. अट्रॅक्टा पुढे त्याच्या शेजारी बसली, फेस्टस मागे. मॅलकी भरधाव हाकत होता आणि तोंडाचा पट्टा चालू होता. हवा, फुटबॉल, कोणाची शेतं कोणी घेतली.

"बघ कशी पळतेय. लोण्यासारखी. फेस्टस, तू तिला फार जपून चालवतोस, म्हणून रुसते ती."

"पुढे बघ," फेस्टस म्हणाला.

"अरे, मी ट्रॅक्टरवर जन्मलोय."

तळ्याचं वळण आलं. काही झालं नाही. मॅलकीने आरशातून मागे पाहून डोळा मारला. त्याला कळेना आपण काय मागतोय. गाडी बंद पडावी असं मनातून वाटत होतं, आणि पुढच्या सीटवर अट्रॅक्टा बसलेली होती.

तळं मागे पडलं, दोन वळणं गेली, आणि मॅलकी कुठल्याशा लिलावाची गोष्ट सांगत असताना इंजिन थांबलं.

"हे काय?" मॅलकी म्हणाला. त्याने पाय दाबला. काही नाही. स्टिअरिंग फिरवायला गेला तर ते फिरेना. गाडी वळणाच्या ऐन तोंडाशी, रस्त्याच्या मधोमध येऊन उभी राहिली. त्याने बटण दाबलं, पुन्हा दाबलं. "नाही, नाही, असं कसं—"

"धोक्याचे दिवे लाव!"

"लागत नाहीयेत!"

मागून आवाज येत होता. फेस्टसने तो ओळखला. ओंडके भरलेला ट्रक चढाला गिअर बदलतो तेव्हा येतो तो. अजून दिसत नव्हता. टेकाडापलीकडे होता.

"तिला बाहेर काढ," फेस्टस म्हणाला. "मॅलकी! ऐकतोस का? तिला उचल आणि चरापलीकडे ने!"

तो स्वतः दार उघडून मागे धावत सुटला. एकाहत्तर वर्षांचा माणूस, गुडघे कुरकुरत होते. कोट काढून डोक्यावर फिरवत धावला. ट्रक टेकाडावर आला तेव्हा फेस्टस रस्त्याच्या बरोबर मध्यावर होता. ब्रेकचा आवाज आला, रबर जळल्याचा वास आला. फेस्टसने चरात उडी टाकली. पाणी मांडीपर्यंत आलं. ट्रक त्याच्या शेजारून गेला, ओंडके साखळ्यांत करकरले, आणि वळणापाशी तो उजव्या बाजूला झुकला. कसलासा कडकन आवाज झाला.

मग शांतता. फेस्टसला वर चढायचं धाडस होईना. चढला नसता तर काही दिसलंही नसतं, आणि जोवर दिसत नव्हतं तोवर काही झालंही नव्हतं.

"फेस्टस!" अट्रॅक्टाची हाक होती. "मेलास की काय?"

तो वर आला. ट्रक पुढे वळणापलीकडे थांबला होता. गाडीचा उजवा आरसा मोडून रस्त्यावर पडला होता, आणि त्या बाजूच्या पत्र्यावर लांब ओरखडा होता. चरापलीकडे, काटेरी झुडपांत, अट्रॅक्टा मॅलकीच्या कोटावर बसली होती. मॅलकी शर्टात, गुडघ्यापर्यंत चिखलात उभा. त्याचे दात वाजत होते.

ट्रकवाला डिनी धावत आला. वीस वर्षं त्या रस्त्याने जाणारा माणूस. "कोण बावळट वळणावर गाडी लावून—" मग त्याने ओळखलं. "मॅलकी? आता शोरूम इथे हलवलंस का रे?"

मॅलकीने चिखलातून पाय उपसला.

"मला मशीनला जायचंय," अट्रॅक्टा म्हणाली. तिला श्वास पुरत नव्हता. ओठ निळसर झाले होते. "भांडायचं तर मागाहून भांडा."

डिनीने आणि फेस्टसने तिला ट्रकच्या केबिनमध्ये चढवलं. केबिन उंच, अट्रॅक्टाचे पाय जड, दोघांनी खालून ढकललं. तेवढ्यातही ती म्हणाली, "डिनी, हात नीट ठेव, नवरा बघतोय." फेस्टस चढायच्या आधी मॅलकीने त्याची बाही धरली.

"अजून तिघांनी परत आणल्यात," तो म्हणाला. "गाडी याच मॉडेलची. त्याही अशाच बंद पडतात. मला माहीत होतं. कंपनीची माणसं म्हणाली, आम्ही बघतोय, तोवर कोणाला बोलू नका. मी वाट बघत होतो."

"कसली वाट?"

मॅलकीने बाही आणखी घट्ट धरली.

"आणि मला नोट दिलीस." फेस्टसने त्याच्याकडे पाहिलं. मारावंसं वाटलं, पण हात उचलला जाईना. "माझ्या बापाचं नाव घेतलंस तू. त्या खोलीत."

"फेस्टस, मी—"

"बाही सोड. तिला उशीर होतोय."

त्या दिवशी ओंडक्यांचा ट्रक हॉस्पिटलच्या दारात जाऊन उभा राहिला. नर्स खिडकीतून बघत होत्या. अट्रॅक्टा मशीनला उशिरा लागली, पण लागली. फेस्टस ओल्या पँटमध्ये तिच्याजवळ बसून राहिला. तिचं रक्त नळीतून जात होतं आणि येत होतं. चेहऱ्यावर हळूहळू रंग चढला.

"त्याने मला उचललं तेव्हा रडत होता," ती डोळे मिटून म्हणाली. "देवाचा धावा करत होता. मी म्हटलं, मॅलकी, देवाला मग बोलव, आधी तो चर ओलांड."

"मीच आधी बोलायला हवं होतं."

"होय," ती म्हणाली. "हवं होतं."

तिने ते गोड करून सांगितलं नाही, आणि त्यानेही मागितलं नाही.

शनिवारी सकाळी मॅलकी स्वतःची गाडी घेऊन दारात आला. किल्ली फेस्टसच्या हातात दिली आणि पावसातून बस थांब्याकडे चालत गेला. पुढच्या महिन्यात दुसऱ्या बनावटीची नवी गाडी आली; बाकीच्या तिघांनाही मिळाली. आतल्या खोलीत कोणी कोणाच्या हातावर हात मारला नाही. फेस्टसने कागद चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला आणि मगच सही केली. त्या गाडीने ती दोघं साडेचार वर्षं कॅसलबारला गेली-आली, आणि रस्त्यापायी अट्रॅक्टाची एकही खेप चुकली नाही.

अट्रॅक्टा मॅनियन सोमवारी, ६ नोव्हेंबर २०२३ रोजी, सकाळी, स्वतःच्या घरी, हृदय थांबून वारली. ती एकोणसत्तर वर्षांची होती. फेस्टस जवळ होता.