रिकामी तिरडी

आमच्या अथेन्समध्ये लढाईत पडलेल्यांच्या अस्थी कुळागणिक एकेका पेटीत ठेवतात आणि जे सापडलेच नाहीत, त्यांच्यासाठी एक तिरडी रिकामीच सजवतात. शेजारच्या फिलाग्रोसने लढाईवरून न परतलेल्या मुलासाठी मधाची पोळी आणली होती. ती कुठे ठेवायची, यावरून मंडपातच नवरा-बायकोची जुंपली.

“अहो, स्मिक्रोसने त्याला पडताना पाहिलंय. कुळाच्या पेटीपाशी ठेवा आणि मला एकदाचं रडू द्या,” निकारेते म्हणाली.

फिलाग्रोसची खोड साऱ्या बाजाराला ठाऊक होती. मासेवाल्यालाही ‘ताजं म्हणजे नेमकं काय?’ असं विचारून तो रिकाम्या हाताने घरी यायचा. आता तो मुलाच्या सोबत्याकडे, स्मिक्रोसकडे वळला.

“बाळा, तोंड पाहिलंस त्याचं?”

“काका, शिरस्त्राणात तोंड कुठलं दिसतंय? त्याची ढाल पाहिली ना, कोंबडा रंगवलेली.”

“पण ती होती कुणाच्या हातात?”

स्मिक्रोस घुटमळला. “त्या सकाळी बऱ्याच जणांनी ढाली बदलल्या होत्या. पट्टे तुटले होते.”

“झालं समाधान?” निकारेते कडाडली. “आता जन्मभर दाराकडे बघत बसू मी?”

“तू म्हणशील तर पेटीपाशी ठेवतो,” फिलाग्रोस म्हणाला. “पण मग आपण ढालीवरच्या कोंबड्यासाठी रडू गं, पोरासाठी नाही.”

मी हसणार होतो, पण तो पोळी घेऊन पेटी आणि तिरडीच्या मधोमधच उभा राहिला. निकारेतेने त्याच्या हातातली पोळी घेतली आणि स्वतःच रिकाम्या तिरडीवर ठेवली. मग तिथल्या चादरीची सुरकुती तिने हळूच सारखी केली, झोपलेल्या पोराचं पांघरूण नीट करावं तशी.