माझ्या भिंतीवरचा तांबडा ठिपका

मित्रांनो, मी एक कागद आहे, पण साधासुधा नाही हं! माझ्यावर आयर्लंडमधल्या एका खेड्यातल्या घराचं कच्चं चित्र आहे. पेन्सिलीने काढलेलं, चारदा खोडलेलं. भिंतीतच चूल, चुलीवर साखळीला टांगलेलं काळंकुट्ट भांडं, फडताळात निळ्या काठाच्या बशा आणि वरचा अर्धा भागच उघडणारा दरवाजा. आहे ना थाट?

माझा जन्म मात्र दहिसरचा. दर्शनाने मला घरी, जेवणाच्या टेबलावर काढलं. ती सिनेमाचे सेट उभारणाऱ्या राजेशसरांच्या हाताखाली चार वर्षं राबत होती. या वेळच्या सिनेमाला आयर्लंडमधलं घर हवं होतं. सर म्हणाले, "हे घर पूर्ण तुझं. जमलं तर पुढचा सेटही तुझा. नाही जमलं तर परत रंगाचे डबे उचल." बिचारीने आयर्लंड कधी पाहिलं नव्हतं. फोटो बघून बघून तिने मला काढलं. तिची सगळी भिस्त माझ्यावर होती, आणि मी नुसता फुगलो होतो!

अंधेरीच्या स्टुडिओत मला प्लायवूडवर टाचण्या मारून लावलं. सुतारकामाचे मुख्य भाऊ, मूळचे कणकवलीचे. त्यांनी नारळ फोडला, करवतीला कुंकू लावलं, हातोडीला लावलं आणि वळले की माझ्याकडे! दर्शना ओरडली, "अहो भाऊ, त्याला नको!"

"असं कसं? घर बांधायचं ना? मग पहिला मान ह्याचा," म्हणत त्यांनी बोट टेकवलंच, बरोबर चुलीच्या वरच्या भिंतीवर. वर माझा फोटो काढून कामगारांच्या ग्रुपवर टाकला. माझ्या गोऱ्यापान भिंतीची पार वाट लागली! असा संताप आला म्हणून सांगू!

पण सेट काय उभा राहिला, वा! बारा दिवसांत माझी एकेक रेघ लाकडाची झाली. मी टाचणीवर थरथरत बघत होतो.

शूटिंगच्या सकाळी दिग्दर्शक श्रेयस आले आणि दारातच थबकले. चुलीच्या वर एक छोटा तांबडा बल्ब मिणमिणत होता. "हे काय? देवघर आहे का? कोणी लावला हा?"

लाइटचं काम बघणारा चंद्रप्रकाश गोंधळून म्हणाला, "मॅडम, चित्रातच होता ना लाल दिवा. मोबाइलवर बघितला मी." त्याने भाऊंचा ठिपका दिवा समजून, घरच्या देवघरात असतो तसाच झीरोचा बल्ब लावला होता! राजेशसरांचा चेहरा उतरला. दर्शनाच्या डोळ्यांत पाणी तरळलं. गेलं सगळं, मला वाटलं. चंद्रप्रकाश बल्ब काढायला स्टुलावर चढला.

तेवढ्यात मॉयराबाई आत आल्या. सिनेमातल्या म्हाताऱ्या आईचं काम करायला त्या थेट आयर्लंडहून आल्या होत्या. दिवा बघून त्या जागच्या जागी थांबल्या. मग चंद्रप्रकाशचा हात धरून म्हणाल्या, काढू नका. त्यांच्या आईच्या स्वयंपाकघरात येशूच्या तसबिरीपुढे असाच तांबडा दिवा दिवसरात्र जळायचा. आई गेली आणि तो विझला. त्या चुलीपाशी बसून रडायलाच लागल्या. श्रेयसनी हळूच कॅमेरा मागवला. भाऊ मात्र छाती काढून उभे!

"पुढचा सेट तुझा गं," राजेशसर दर्शनाला म्हणाले. अरे, मी टाचणीसकट उडालो असतो!

आठवड्याने सेट मोडला. प्लायवूड गेलं, बशा गेल्या. उरलो मी एकटा. दर्शनाने मला फ्रेम करायला नेलं, तर दुकानदार म्हणाला, "मॅडम, हा डाग काढून देतो, झकास दिसेल." माझा जीव घाबराघुबरा! दर्शनाने मला झटकन छातीशी धरलं. "हात लावू नका हं त्याला."

मित्रांनो, तुमच्या वहीवर, चित्रावर कोणाचं बोट उमटलं असेल तर लगेच खोडरबर शोधू नका. बोट कोणाचं ते आधी विचारा. आणि दहिसरला आलात तर मला जवळून बघा. ठिपक्यात भाऊंच्या बोटाच्या रेषा अजून दिसतात.