लाल काटा अजून तिथेच आहे

मित्रांनो, मी एक जुना पकडमापक आहे. नाव ऐकून पळू नका. मी कोणाला पकडत नाही, लोकच मला पकडतात. लोखंडी मूठ, तिच्या आत स्प्रिंग आणि वर घड्याळासारखी तबकडी, एवढाच माझा संसार. तबकडीवर दोन काटे आहेत. तुम्ही मूठ आवळली की काळा काटा वर चढतो आणि सोडली की मुकाट्याने खाली येतो. लाल काटा मात्र हट्टी. काळ्याने त्याला जिथवर ढकललं, तिथेच तो बसून राहतो. त्याला शून्यावर आणायचं तर कोणीतरी बोटाने फिरवावं लागतं. हा लाल काटा तेवढा लक्षात ठेवा.

कारखान्यात एका चष्मेवाल्या कारागिराने मला वजनं टांगून तपासलं आणि म्हणाला, "हा खोटं बोलणार नाही." जन्मल्याबरोबर असं कौतुक झालं की ते आयुष्यभर पुरवून पुरवून खावं लागतं.

माझी नोकरी लागली ती म्हातारपणाचा अभ्यास करणाऱ्या एका केंद्रात. काही माणसं नव्वदी ओलांडून ठणठणीत राहतात आणि काही साठीतच खचतात, असं का, हे तिथल्या डॉक्टरीणबाईंना शोधायचं होतं. त्या माणसांचं रक्त घेत, चालायला लावत, आणि माझ्याकडून त्यांची ताकद मोजत. हाताची पकड सुटायला लागली की शरीर आतून थकायला लागलंय, असं त्या म्हणत. मला सगळे नुसतं 'मूठ' म्हणायचे. "सिस्टर, मूठ आणा," अशी हाक आली की माझी छाती फुगायची. छाती नाहीये म्हणा मला, पण फुगायची.

किती हात आले! घामट, थरथरते, अंगठ्या रुतलेले. पण माझा जीव जडला तो कात्रीआजींच्या हातावर.

आजींनी जन्मभर कपडे शिवले होते. जाड कापड कापून कापून त्यांच्या अंगठ्याला घट्टा पडला होता, म्हणून सिस्टरने त्यांना हे नाव ठेवलं. वय नव्वदीच्या पुढचं, पण त्यांनी मला पहिल्यांदा आवळलं तेव्हा माझी स्प्रिंग कळवळली. सिस्टर म्हणाली, "अगंबाई! आजी, माझ्यापेक्षा जास्त भरलं की हो तुमचं!"

"मग? मी काय फुकटचं खाल्लंय?" आजी म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना समजावून सांगितलं होतं. आपल्या शरीरात सूचना लिहिलेल्या असतात, त्यांना जनुकं म्हणतात. त्या आईवडिलांकडून येतात, पण प्रत्येक मुलाला थोड्या वेगळ्या मिळतात. कुठे एखादं अक्षर बदललेलं असतं आणि तेवढ्यानेही शरीराची डागडुजी जास्त चांगली होऊ शकते.

"म्हणजे एकाच ताग्यातून पाच फ्रॉक कापले, तरी चांगला काठ एखाद्यालाच मिळतो," आजी म्हणाल्या.

"अगदी बरोबर. तुमच्या वाट्याला तो काठ आलाय. तुमच्या धाकट्या भावाचंही रक्त आम्ही तपासलं होतं, त्यातही तेच अक्षर होतं."

आजींचा चेहरा उतरला. "मग तो का हो गेला? भावजय गेली आणि त्याने जेवणच टाकलं. घरात बोलायला कोणी नाही म्हणाला. चांगला धडधाकट माणूस, वर्षाच्या आत संपला."

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. मग म्हणाल्या, "जनुकं फक्त थोडंसं ठरवतात, आजी. बाकीचं खाणंपिणं, काम, नशीब आणि माणसं."

आजींची तर सगळीच माणसं गेली होती. नवरा गेला, चारही भावंडं गेली, शेजारच्या मैत्रिणी गेल्या. मुलगा दूर देशी होता आणि तोही आता आजोबा झाला होता. लांब आयुष्याचं हे कोणी आधी सांगत नाही.

केंद्रात प्रत्येकाला वर्षातून एकदाच बोलवायचे. पण एक नियम होता. एखाद्याची पकड अचानक फार घसरली, तर खात्री करायला त्याला पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलवायचं, आणि आकडा स्थिर होईपर्यंत बोलवत राहायचं. एका वर्षी आजींचा अंगठा दारात चेमटला होता. पकड घसरली आणि त्यांना महिनाभर दर आठवड्याला बोलावणं आलं. सिस्टर त्यांच्या अंगठ्याला मलम चोळायची, चहा द्यायची, "आज साडी छान आहे हं" म्हणायची. अंगठा बरा झाला तेव्हा आजी फार हिरमुसल्या.

पुढच्या वर्षी त्या आल्या आणि त्यांनी मला धरलं. मित्रांनो, मला तेव्हाच कळलं. अंगठा ठणठणीत होता, बोटांत जोर होता, पण तो जोर त्यांनी मनगटातच अडवून ठेवला. तोंड मात्र असं वाकडं केलं, जणू डोंगर उचलतायत. काळा काटा जेमतेम हलला.

"अरेरे," सिस्टर म्हणाली. "पुढच्या आठवड्यात या हं, आजी."

"येते की," आजी लगेच म्हणाल्या.

मी काय करणार? जेवढं दाबतील तेवढंच मी दाखवणार. आठवडे गेले, आजी येत राहिल्या, आकडा कधी वर, कधी खाली. तिकडे डॉक्टरीणबाई चक्रावल्या. तेच अक्षर असलेली बाकीची म्हातारी माणसं टिकून होती, एकट्या आजीच कशा खचल्या? शेवटी त्या वैतागून म्हणाल्या, "हे यंत्रच बिघडलंय."

खापर माझ्या डोक्यावर फुटलं! इतकी वर्षं इमानाने राबलो आणि शेवटी मी खोटारडा ठरलो. माझी रवानगी काचेच्या कपाटात झाली आणि नवं, आकडे चमकवणारं यंत्र टेबलावर आलं. ते दाबल्यावर टूंऽऽ करायचं. करू दे बापडं. आजींनी त्यालाही फसवलं.

मग एक दिवस ते झालं. सिस्टर चहा करत होती आणि साखरेच्या बरणीचं झाकण काही केल्या निघेना. तिने फडकं लावून पाहिलं. डॉक्टरीणबाईंनीही जोर केला. आजी बसल्या बसल्या पाहत होत्या. "काय गं तुम्ही पोरी! आण इकडे," म्हणत त्यांनी बरणी घेतली आणि एका पिळात झाकण उघडलं.

सिस्टर आणि डॉक्टरीणबाई त्यांच्या हाताकडे बघत राहिल्या. आजींच्या लक्षात आलं, तसं त्यांनी झाकण हळूच खाली ठेवलं.

"आजी," डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या, "का केलंत असं?"

"वर्षातून एकदा बोलावता तुम्ही. मधल्या वर्षाचं मी काय करू?" आजींचे डोळे भरले. "तुमच्या अक्षराने मला जगवलंय खरं. पण माझ्याशी बोलायला ते येत नाही गं."

डॉक्टरीणबाईंनी त्यांचा हात हातात घेतला. पण नियम तो नियम. आजींचे आकडे आता अभ्यासाला चालणार नव्हते, आणि आकडे नाहीत म्हणजे बोलावणंही नाही. एक आठवडा वाढवून मिळावा म्हणून आजींनी लबाडी केली आणि हातचं वर्षही गेलं.

निघताना सिस्टरला राहवलं नाही. तिने मला कपाटातून काढलं, लाल काटा शून्यावर आणला आणि आजींच्या पिशवीत ठेवलं. "ही मूठ तुम्हाला. मी दोन-चार दिवसांत घरी येते. तोवर खरा जोर लावून ठेवा, मला बघायचंय."

आजींनी घरी जाऊन पदर खोचला, दोन्ही पाय रोवले आणि मला असं आवळलं, असं आवळलं, की लाल काटा आजवर गेला नव्हता तिथवर चढला. "बघू दे आता तिला," त्या धापा टाकत म्हणाल्या. आणि मला दाराजवळच्या टेबलावर, तबकडी दाराकडे करून ठेवलं.

सिस्टर वाईट नाही हो. तिला घर आहे, मुलं आहेत, केंद्रात कामाचा ढीग आहे. ती येईन म्हणाली तेव्हा खरंच येणार होती.

आजी रोज सकाळी मला पुसतात. काच पुसताना जपून पुसतात, काट्याला धक्का लागू नये म्हणून. मला पुन्हा आवळायचं मात्र त्यांनी टाळलंय. मी पण तस्साच बसून आहे. पावलं वाजली की आम्ही दोघं दाराकडे बघतो. पावलं पुढे जातात.

मित्रांनो, तुमच्या ओळखीत असा एखादा मजबूत म्हातारा हात असेल. मजबूत आहे म्हणून त्याला कोणी नको, असं समजू नका. येतो म्हणालात तर जा. आणि आमच्याकडे आलात, तर आधी तबकडी नीट बघा, "अगंबाई!" म्हणा, आणि मग तो लाल काटा तेवढा शून्यावर आणा. माझा मला तो फिरवता येत नाही.