पावडरच्या डब्यातली काळी पोत

मी काळी पोत बोलतेय. हळू आवाजात, कारण तशीच सवय लागलीय.

मालाडच्या सोनाराने मला ओवलं. सत्त्याऐंशी साली जयवंतने मला नलिनीच्या गळ्यात बांधलं. हळद उतरायच्या आत अंधेरी स्टेशनबाहेर नलिनीने मला काढून पर्समधल्या पावडरच्या डब्यात टाकलं. "रुसू नकोस गं," एवढंच पुटपुटली.

ती औषधांच्या कंपनीत पॅकिंगला होती. लग्न झालं की नोकरी सोडेन, अशा कागदावर सही तिथे मुलींकडून आधीच घेत. पुरुषांकडून नाही. त्याच आठवड्यात तिच्या शेजारी बसणाऱ्या सहदेवचं लग्न झालं, तर साहेबांनी त्याला हार घातला! टाळ्या मी डब्यातून ऐकल्या. नुसता जळफळाट झाला.

पण खरी जळले ती कंपनीच्या बिल्ल्यावर. पत्र्याचा, कडेने गंजलेला मेला, आणि दिवसभर तिच्या छातीवर मिरवायचा! मी इथे पावडरीत गुदमरतेय.

एकदा ती पर्समधून रुमाल काढत होती. साहेबांनी मागून हाक मारली, ती दचकली आणि डबा खाली पडून उघडला. सगळ्यांसमोर मी फरशीवर.

"उद्यापासून येऊ नका," साहेब म्हणाले. बिल्ला काढून घेतला. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला.

तिची मैत्रीण मालन तिला सरकारी कामगार कचेरीत ओढत घेऊन गेली. "घाबरतेस काय? वाट लागायची ती लागलीच ना? आता तक्रार कर."

तिथल्या अधिकाऱ्यांनी अर्ज वाचून मान वर केली. "लग्न केलं म्हणून काढलं म्हणता. पण बाई, गळ्यात तर काहीच दिसत नाही?"

सवयीने तिने मला याही दारात उतरवलं होतं!

"अगं येडे, इथे कशाला काढलीस?" मालनला हसू आवरेना.

नलिनीने डबा उघडला आणि भरल्या कचेरीत मला गळ्यात घातलं. पावडर अर्जावर सांडली. अधिकाऱ्यांनी फुंकर मारली, मग शिक्का मारला.

आता सुनावणीची वाट बघतोय. मी दिवसभर तिच्या गळ्यात असते, हवं होतं ते सगळं मिळालं. पण जयवंतने "कसला विचार करतेस गं?" विचारलं की तिचा हात माझ्याकडे येत नाही. बिल्ल्याच्या जागी जातो. तिथला पदर उगाच नीट करत राहते. मी अजून जळते.

तरीही सुनावणीच्या साहेबांना सांगते, तो मेला बिल्ला तिला परत द्या. मी जरा सरकून घेईन.