वाटीचे डोळे

लोकसाहित्य विभागाच्या मोठ्या वर्गात त्या दुपारी उभे राहायलाही जागा उरली नव्हती. खिडक्यांत विद्यार्थी, दारात कार्यालयातली मंडळी, आणि मधोमध टेबलावर पावडर पसरून तिच्यावर उपडी घातलेली एक पितळी वाटी. विभागाच्या संग्रहातला चांदीच्या डोळ्यांचा मुखवटा नाहीसा झाला होता, आणि चोर हुडकण्यासाठी विभागप्रमुखांनी वाटीवाल्या बुवांना पाचारण केले होते.

“मी हिला शिवणारसुद्धा नाही!” बुवा गरजले. “बोटं तुमची, वाट तिची! चोराला अंधारात बसवा, पडद्याआड बसवा, ही बरोबर त्याच्या पुढ्यात जाते. पिढ्यान्‌पिढ्या खोटं बोललेली नाही माझी माय!”

मुखवट्याच्या खोलीची किल्ली ज्यांच्या हाती जात असे, ते तिघे टेबलाभोवती बसले: स्वतः प्रमुख, ग्रंथपाल आणि साफसफाई करणाऱ्या मावशी. हेडक्लार्क आणि एका संशोधक विद्यार्थिनीने वाटीवर बोटे टेकवली. वाटी थरथरली, क्षणभर अडखळली, आणि सरळ मावशींपुढे जाऊन थांबली.

“बघा, बघा!” खिडकीतून कुणीतरी ओरडले.

“माझ्या लेकरांची शपथ, मी मुखवट्याला पुसण्यापलीकडं हात लावला नाही,” मावशी म्हणाल्या. त्यांचा आवाज त्यांनाच ऐकू आला असेल.

प्रमुखांचा मात्र शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. “चोरी तुमचीच, मावशी. उद्यापासून कामावर येऊ नका.”

“सर, थांबा.”

बोलल्या त्या तासबाई. तासिका तत्त्वावर लोकसाहित्य आणि सांस्कृतिक मानवशास्त्र शिकवत, म्हणून कार्यालयाने हे नाव ठेवलेले.

“बाई, आपण निरीक्षक,” प्रमुख म्हणाले. “लोकांच्या श्रद्धेत लुडबूड करायची नाही, हे तुम्हीच वर्गात शिकवता ना?”

“श्रद्धेची नोंद करणं वेगळं, सर. तिच्या निकालावर माणसाला घरी पाठवणं वेगळं.”

बाईंचा पहिला संशय लोहचुंबकावर होता. पण पितळेला चुंबक काय करणार? तरी त्यांनी वाकून टेबलाखाली पाहिले. चिकटवलेल्या च्युइंगमखेरीज तिथे काही नव्हते. मग संशय हेडक्लार्कवर गेला. पण त्यांचा चेहरा ढकलणाऱ्याचा नव्हता, भ्यालेल्याचा होता. राहता राहिले बुवा. सकाळपासून ते विभागात ज्याच्या त्याच्या टेबलाशी चहा पीत बसले होते. बाईंनाही त्यांनी अगदी मायेने विचारले होते, “तुमचं मन कुणाचं नाव घेतं? ती साफसफाईवाली कशी आहे हो?” हाच प्रश्न त्यांनी इतरांनाही विचारला असेल, तर सगळ्यांच्या मनात एकच नाव रुजले असणार.

“बुवा, पुन्हा एकदा होऊन जाऊ दे,” बाई म्हणाल्या. “फक्त बोटं ठेवणाऱ्यांचे डोळे बांधू.”

“डोळे बांधले की माय रुसते.”

“का हो? वाट तिची ना? मग तिला हेडक्लार्कांचा चष्मा कशाला लागतो?”

वर्गात हशा पिकला. “अंधारातसुद्धा हुडकते म्हणालात की मघाशी!” मागून कुणीतरी टोला हाणला. बुवांना नाही म्हणता येईना.

दोघांच्या डोळ्यांवर घट्ट रुमाल बांधले गेले. बाईंनी ओठांवर बोट ठेवले आणि मावशींना व प्रमुखांना खुणेनेच जागा बदलायला लावल्या. वाटी निघाली. या खेपेला तर ती अडखळलीही नाही. मावशी मघाशी बसल्या होत्या त्याच जागेकडे ती सरसर गेली आणि विभागप्रमुखांच्या पोटासमोर जाऊन थांबली.

“माय खोटं बोलत नाही!” सवयीने बुवा बोलून गेले, आणि त्यांनी जीभ चावली.

“म्हणजे चोर मी?” प्रमुख ताडकन उठले.

हेडक्लार्कांनी रुमाल ओढून काढला. “आईशपथ बाई, मी ढकलली नाही!”

“मुद्दाम नाही ढकललीत,” बाई म्हणाल्या. “पण मनात जे ठाम बसलेलं असतं, तिकडं हात आपल्या नकळत झुकतो. पावडरीवर तेवढा रेटा पुरतो. आणि दोघांना वाटतं, मी नाही, वाटीच चालली. मावशी आधी कुठं बसल्या होत्या तेवढंच तुम्हाला ठाऊक होतं. जागा बदलल्याचं ना तुम्हाला कळलं, ना वाटीला. सकाळी चहाबरोबर मावशींचं नाव मनात पेरलं, तिथंच बुवांचं काम संपलं होतं.”

बुवा वाटी झोळीत टाकून दाराकडे सरकले. त्यांना वाट द्यायला कुणी हलले नाही.

“मग मुखवटा नेला कुणी?” प्रमुखांनी विचारले.

“मला माहीत नाही. कदाचित मावशींनी, कदाचित तुम्ही, कदाचित मीही. पोलिसांत तक्रार द्या, पुरावा शोधू द्या. ‘माहीत नाही’ म्हणायची लाज वाटते म्हणून आपण वाटीला विचारतो, सर, आणि ती आपलाच संशय आपल्याला परत सांगते. तो बहुतेक वेळा सगळ्यात गरीब माणसावरच असतो. कुणाला चोर म्हणण्याआधी एवढंच विचारा: हे कशावरून?”

प्रमुखांनी चष्मा पुसला. टेबलाकडे पाहत ते पुटपुटले, “मावशी, माझी चूक झाली. तुम्ही कामावर या.”

मावशी जागच्या हलल्या नाहीत.

“जरा मोठ्यानं म्हणा, साहेब. मघाशी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं होतं.”