निळ्या ड्रमचा हेवा

मित्रांनो, गोष्ट सांगण्याआधी एक कबुली देतो. मी मोठा जळका आहे. माणसं आपला हेवा हसून लपवतात. मला तेवढीही सोय नाही. मी एक जुना, दोनशे लिटरचा लोखंडी ड्रम आहे.

माझं आयुष्य उल्हासनगरच्या एका छोट्या कारखान्यात गेलं. तिथे दाबल्यावर 'चूं' करणारी प्लास्टिकची बदकं बनतात. प्लास्टिकची पांढरी पावडर नुसती तापवून साच्यात घातली, तर बदक कडक आणि ठिसूळ होतं. पोळी मऊ व्हावी म्हणून कणकेला तेलाचा हात लावतात ना, तसंच या पावडरीतही तेल घालावं लागतं. ते तेल माझ्या पोटात असे. ते खनिज तेलापासून बनलेलं. सगळे त्याला डीओपी म्हणत.

अंबरनाथच्या बुवापाड्यातून येणाऱ्या गोजरबाई ते मिश्रण करत. रोज सकाळी माझ्या पोटावर थाप मारून म्हणत, "चल रे काळ्या, लाग कामाला." माझी तोटी कधी गळली नाही. "काळ्यासारखा शहाणा कोणी नाय," हे शब्द मी इतकी वर्षं जपून ठेवले आहेत.

मग तो निळा आला. चकचकीत, नवा कोरा, अंगावर हिरव्या पानाचं चित्र.

"मावशी, हे सोयाबीनच्या तेलापासून बनवलंय," सुपरवायझर हितेश म्हणाला. "पोरं बदक तोंडात घालतात. डीओपी प्लास्टिकमधून हळूहळू सुटतं, पोटात गेलं तर अपाय करतं. खेळण्यांत आता चालणार नाही."

"सोयाबीन? मग वडे तळू काय यात?"

"तळा, आणि पहिला वडा सेठना द्या! अहो, प्रक्रिया केलेलं आहे ते. खायचं नाही."

गोजरबाई हसल्या आणि त्यांनी निळ्याच्या पोटावर थाप मारली. माझ्या पोटावरची थाप!

त्या दिवशी त्यांनी माझ्या जुन्याच मापाने निळ्याचं तेल ओतलं. बदकं चिकट निघाली. मी मनातल्या मनात नाचलो. पण दुसऱ्या दिवशी हितेशने माप कमी केलं आणि बदकं लोण्यासारखी मऊ झाली. मला उपडा करून कोपऱ्यात ठेवलं.

एक दिवस गोजरबाईंनी विचारलं, "हितेशभाऊ, काळ्याला मी घरी नेऊ? आमच्याकडे पाणी दिवसाआड येतं."

"न्या की. धुवून घ्या फक्त."

आमच्या भागात यात कोणाला काही वावगं वाटत नाही. कारखान्यातले रिकामे ड्रम कितीतरी दारांत पाण्याने भरलेले दिसतात. गोजरबाईंनी मला सोडा लावला, राखेने घासलं, तीन पाण्यांनी धुतलं. मग आत डोकं घालून हुंगलं. "वास नाय. म्हणजे स्वच्छ."

मला माहीत होतं. माझ्या तळाच्या सांध्यात तेल अजून चिकटून होतं, आणि त्या तेलाला वास नसतोच. ड्रमला बोलता येत नाही, हे खरं. पण मित्रांनो, बोलता आलं असतं तरी मी बोललो नसतो. निळा बदकं मऊ करो; मी माणसांची तहान भागवणार होतो!

बुवापाड्यात नळ आला आणि मी काठोकाठ भरलो. सकाळी गोजरबाईंची नात मैत्रेयी पेला घेऊन आली. तिने तो माझ्यात बुडवला, तोंडापाशी नेला आणि थांबली.

"आजी, पाण्यावर इंद्रधनुष्य आलंय."

"पी गं, मुकाट. शाळेला उशीर होतोय."

"नाही गं, बघ तरी. तेलकट आहे."

गोजरबाईंनी माझ्यातल्या पाण्यात बोटं बुडवली आणि एकमेकांवर चोळली. इतकी वर्षं ज्या बोटांना ते तेल लागलं, त्यांना ते ओळखायला वेळ लागला नाही. त्यांनी नातीच्या हातातला पेला हिसकावून घेतला आणि ओतून टाकला.

"बदकाला नको म्हणून काढलं," त्या हळूच म्हणाल्या, "आणि पोरीला पाजायला आणलं."

त्यांनी मला आडवा केला. दिवसभराचं पाणी वाहून गेलं. त्या दिवशी नळ नव्हता. त्या हंडा घेऊन शेजारी मागायला गेल्या, तेव्हा जाताना त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. उन्हात कधी तापलो नव्हतो, इतका मी तेव्हा शरमेने तापलो.

मी परत कारखान्यात आलो. हितेश ओशाळला. "चूक माझी, मावशी. मी नको म्हणायला हवं होतं. निळा आता रिकामाच आहे, तो न्या. सोयाबीनचाच आहे."

"तेल सोयाबीनचं असेल, ड्रम कारखान्याचाच ना?" गोजरबाई म्हणाल्या. "पाण्याला पाण्याचीच टाकी घेईन मी."

खोटं कशाला सांगू? निळ्यालाही नाही म्हटल्यावर मला बरं वाटलं. जळका स्वभाव एवढ्यात कुठे जातो! पण निळ्याचा चेहरा पडला, तेव्हा त्यालाही पाण्याचाच ड्रम व्हायचं होतं, हे मला कळलं.

आता आम्ही दोघं कारखान्याच्या दारात शेजारी उभे असतो. माझ्यात मोडके साचे ठेवतात, त्याच्यात लोखंडाचा चुरा. मित्रांनो, वास नाही म्हणून भांडं स्वच्छ ठरत नाही. तुमच्या दारात आमच्यासारखा कोणी पाणी भरून उभा असेल, तर त्यात आधी काय होतं ते घरच्यांना विचारा. आणि कारखान्यातला असेल, तर तो कितीही घासलेला असो, त्यातलं पाणी पिऊ नका. ड्रमला वाईट वाटेल. वाटू द्या.