घोलवडचा रुजलेला मासा

मी एक जुना मासा आहे. दुकानात माझ्या जातीला सिल्वर डॉलर म्हणतात. अंगाने ताटलीसारखा गोल नि चपटा, रंगाने चकचकीत. मित्रांनो, घोलवडला दौलतभाऊंची चिकूच्या कलमांची नर्सरी आहे. तिच्या ऑफिसात, टेबलाच्या उजव्या हाताला जी लांबरुंद काचेची टाकी आहे, तिच्यात मी आठ वर्षे राहतो आहे. आमच्या जातीला एवढे आयुष्य सहज मिळते, पण या टाकीत ते फक्त मला मिळाले. कसे मिळाले ते सांगतो. ऐकून माझे कौतुक मात्र करू नका. कौतुकानेच सगळा घात केला आहे.

माझा जन्म कुठे झाला ते मला आठवत नाही. आठवते ते डहाणूतले शितलताईंचे दुकान. तिथे आम्ही साठ-सत्तर जण एका टाकीत होतो, सगळे चिकूच्या बीपेक्षा जरासे मोठे. आम्ही घोळक्याने राहणारे मासे. एकाने शेपूट वळवली की सगळ्यांची वळते, आणि पहिला कोण वळला हे आम्हालाही सांगता येत नाही. आमच्यातला एखादा एकटा पडला की तो धड खात नाही, धड झोपत नाही. नुसता भिऊन असतो.

एके दिवशी दौलतभाऊ दुकानात आले. त्यांच्याकडे एक ऑस्कर मासा होता, वीतभराहून मोठा, काळ्या अंगावर केशरी डाग असलेला. त्याचे नाव राजा. तो भाऊंच्या हातून कोलंबी खायचा, म्हणून भाऊंचा त्याच्यावर फार जीव.

"एकटा कंटाळतो बिचारा," भाऊ म्हणाले. "त्याला सोबत द्या काहीतरी."

"सोबतीला हे सिल्वर डॉलर चांगले," शितलताई म्हणाल्या. "पण हे बारके नका नेऊ, भाऊ. त्या पलीकडच्या टाकीतले तळहाताएवढे न्या. ऑस्करच्या तोंडात जे मावतं ते तो गिळतो."

"ताई, चाळीस वर्षं रोपं लावतोय मी. मोठं रोप उपटून नेलं की मान टाकतं. बारकं लावावं, ते जागेशी जुळतं, मुळं धरतं. द्या सहा बारके."

"अहो भाऊ, माशांना मुळं नसतात!"

भाऊ खो खो हसले. त्यांना पैसे वाचवायचे नव्हते, की कोणाचे वाईट करायचे नव्हते. ते हाडाचे माळी, त्यांना सगळे जग वाफ्यासारखे दिसते. शितलताईंनी जाळी घातली. माझ्या शेजारचा जाळीत वळला म्हणून मीही वळलो.

पहिले दोन दिवस राजाने आमच्याकडे नुसते पाहिले. टाकीत भाऊंनी हौसेने लावलेली पाणवनस्पती आम्ही सहा जणांनी फस्त केली, तेव्हा भाऊ रागावले नाहीत. "रोपवाल्याच्या घरी रोपं खाणारे आले," म्हणून त्यांनी सगळ्यांना बोलावून आम्हाला दाखवले. मोठे माशामाशांचे प्रेम जमले, असे जो तो म्हणू लागला. तिसऱ्या दिवशी दुपारी राजाने तोंड उघडले. पाणी आत गेले आणि पाण्याबरोबर आमच्यातला एक गेला. पाठलाग नाही, झटापट नाही. बाकीचे आम्ही एकदम वळलो, आणि वळताना आमच्यात एकाची जागा रिकामी होती.

पंधरा दिवसांत मी एकटा उरलो. फिल्टरच्या नळीमागे दोन बोटांची फट होती, तिच्यात मी शिरून बसलो होतो. हे शहाणपण नव्हते. माझ्याबरोबर वळायला कोणी उरले नव्हते, एवढेच.

भाऊंनी काय काय नाही केले! पाणी बदलले. मीठ टाकले. कोवळ्या रोपाला ऊन सोसत नाही म्हणून टाकी खिडकीपासून हलवली. राजाकडे मात्र त्यांनी एकदाही संशयाने पाहिले नाही. "तो पोटभर खातो, त्याला यांची काय गरज?" असे ते म्हणत. अहो, जित्याची खोड मेल्याशिवाय जाते का? त्यांच्या वाफ्यात दहातली दोन-तीन रोपे मरतातच. मेलेल्यांच्या जागी नवी लावतात, त्याला नांग्या भरणे म्हणतात. भाऊ म्हणाले, "चला, नांग्या भरू." आणि शितलताईंकडून आणखी पाच बारके आले. तेही गेले. पुन्हा आले. पुन्हा गेले.

त्या सगळ्या काळात मी वाढत राहिलो. दीड वर्षाने एकदा राजाने मलाही धरले. पण मी त्याच्या तोंडात मावलो नाही. त्याने मला सोडले. माझे दोन खवले गेले आणि जीव वाचला.

तेव्हापासून माझा भाव वधारला. कलमे न्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला भाऊ आधी मला दाखवतात. "हा बघा! नखाएवढा आणला होता. कसा रुजलाय!" उंबरगावचे व्यापारी मान डोलावतात, "बहु सरस, दौलतभाई!" मी काचेआड उभा राहून ते ऐकतो.

राजासाठी कोलंबी घेऊन आगरहून जमनामावशी येते. तिने एकदा टाकीत डोकावून पाहिले आणि ती कपाळाला हात लावून दौलतभाऊंच्या बायकोला, मयुरावहिनींना म्हणाली, "वहिनी, वाघापुढं करडू बांधायचं, नि मग विचारायचं करडू गेलं कुठं!" वहिनी हसल्या नाहीत. ऑफिसात फोन घेता घेता त्यांनी ते गिळणे डोळ्यांनी पाहिले होते.

गेल्या महिन्यात सहांचा आणखी एक घोळका संपला, तेव्हा वहिनी स्पष्ट बोलल्या. "आता पुरे झालं. शितल सांगते तसे मोठे आणा, नाहीतर आणूच नका. हा एकटा झुरतोय."

भाऊ खुर्ची ओढून टाकीसमोर बसले आणि कितीतरी वेळ राजाच्या तोंडाकडे पाहत राहिले. इतक्या वर्षांत ते प्रथमच असे पाहत होते. मित्रांनो, मला आशा वाटली. माझ्याएवढे पाच-सहा जण येतील, आपण पुन्हा एकदम वळू. त्या आशेने मी पोहत पोहत पुढे आलो, अगदी काचेपाशी.

भाऊंची नजर माझ्यावर पडली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अगं, हा काय मोठा आणला होता? हाही नखाएवढाच होता. हा रुजला ना? मग बाकीचे का नाही रुजणार? आपलंच कुठंतरी चुकतंय. पाणी म्हणा, खाणं म्हणा."

वहिनींनी माझ्याकडे पाहिले. भाऊंचा पुरावा म्हणून मी समोर जिवंत होतो. कधी कधी वाटते, त्या दिवशी मी राजाच्या तोंडात मावलो असतो तर बरे झाले असते. मागून आलेले इतके जीव मग आणलेच गेले नसते.

परवा नवे सहा आले. टाकीत सोडल्या सोडल्या ते सरळ माझ्याकडे धावले, कारण मी त्यांच्या जातीचा आणि सगळ्यांत मोठा. माझ्या शेपटीमागे दाटीवाटीने उभे राहिले. सांगायला लाज वाटते, पण मला फार आनंद झाला. मी वळलो, ते वळले. मी धावलो, ते धावले. असे धावत आम्ही टाकीच्या मधोमध मोकळ्या पाण्यात आलो, आणि राजा तिथेच होता.

मित्रांनो, तुम्ही कधी टाकीत मासे सोडाल तर आधीपासून आत कोण आहे, त्याचे तोंड केवढे आहे ते बघा. आणि कोणी तुम्हाला जगलेला एक कौतुकाने दाखवला, तर त्याच्याबरोबर आलेले कुठे गेले, हे विचारल्याशिवाय राहू नका.

आता चार उरले आहेत. मी त्यांना घेऊन नळीजवळच्या कोपऱ्यात उभा आहे, काल सकाळपासून हललो नाही. वहिनींनी आमच्यासाठी पालकाचे पान टाकले आहे, ते राजाच्या पलीकडच्या टोकाला तरंगते आहे. चौघांना भूक लागली आहे. मी कधी वळतो, याची ते वाट बघत आहेत.